दोन कुलपांचं कपाट

आमच्या तळ्यावरच्या पंपघरात एक लोखंडी कपाट आहे. त्याला कुलपं दोन. एकाची किल्ली दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, आणि दुसऱ्याची माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय कपाट उघडत नाही. आत काय हिरे-माणकं आहेत? छे. पाण्यात टाकायच्या औषधांच्या बाटल्या, दोन डबे पावडर आणि एक वजनकाटा. नवीन माणूस बघतो आणि हसतो. हसा बापडे.

कारण सांगते. आमच्या तळ्यात मासे आणि कोळंबी एकत्र वाढतात. तळ्याच्या मधोमध जाळ्याचं कुंपण आहे, त्यात दादाचे तिलापिया. कुंपणाबाहेर, बाकी साऱ्या तळ्यात, माझी कोळंबी. माशांच्या विष्ठेनं पाणी हिरवं होतं आणि त्या हिरव्यावर कोळंबी पोसते. कोळंबीच्या खाण्याचा चुरा पाण्याबरोबर कुंपणात वाहत जातो, तो मासे फस्त करतात. एकाची घाण ती दुसऱ्याचं जेवण. संसारातही असंच असतं म्हणतात, मला त्यातला अनुभव चांगला नाही.

पण औषधाची गोष्ट निघाली की हे शेजारी एकमेकांच्या मुळावर. कोळंबीच्या तळ्यात शिरलेले आगंतुक मासे मारायला चहाच्या बियांची पेंड टाकतात; कोळंबीला ढिम्म काही होत नाही, मासे तासाभरात उताणे. उलट माशांच्या अंगावर उवा पडल्या की जे औषध टाकतात त्यानं मासे खडखडीत बरे आणि कोळंबी खलास. कारण ह्या उवा आणि कोळंबी एकाच कुळातल्या. दोघींना कवच, दोघींना तेच विष लागू. आबांनी, आमच्या वडिलांनी, तरुणपणी ह्या दोन्ही चुका केल्या. एका वर्षी ही, पुढच्या वर्षी ती. दुसऱ्या चुकीनंतर ते बाजारात गेले आणि दोन कुलपं घेऊन आले. तेव्हापासून नियम असा, की पाण्यात काहीही टाकायचं तर माशांच्या माणसाची किल्ली हवी आणि कोळंबीच्या माणसाचीही हवी. दोन किल्ल्या म्हणजे दोघांचा होकार. मासे आबांकडे होते, कोळंबी आईकडे. मासे पुढे दादाकडे आले. आई गेली आणि तिची किल्ली माझ्या गळ्यात आली, जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली.

आता माझ्याबद्दल. मी रागीट आहे. आमच्या घरात राग सगळ्यांनाच येतो, पण दादाचा आतल्या आत आंबतो, वहिनीचा भांड्यांवर निघतो, आणि माझा तोंडातून बाहेर पडतो, म्हणून नाव माझंच. दादा मला ‘तिखट’ म्हणतो. लहानपणी लाडानं म्हणायचा.

आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डोकं शाबूत, पाय धड, कान गेलेले. कानात घालायचं यंत्र शर्टाच्या खिशात असतं. कारण ते कानात शिट्ट्या मारतं, आणि ह्या वयात कोणी आपल्याला शिट्ट्या माराव्यात हे आबांना पसंत नाही. दादा त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलतो. वहिनी पाटीवर लिहिते. मी नुसतीच बोलते. रोज संध्याकाळी पंपघरासमोर त्यांच्या खुर्चीशेजारी बादली उपडी घालून बसते आणि दिवसभराचं सांगते. कोळंबीनं किती खाल्लं, किती जणींनी कात टाकली, पाण्याचा रंग कसा आहे, मला आज आईची आठवण का आली. ते मान हलवतात. मला बरं वाटतं.

आई गेल्यावर कोळंबी माझ्याकडे आली आणि पहिली दोन पिकं हातची गेली. एक पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं. दुसरं, वीज गेली आणि पाणी घुसळणारी चाकं बंद पडली म्हणून. तळ्यातला प्राणवायू संपला आणि सगळी कोळंबी काठाला येऊन मेली. तेव्हा आबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, “तिसऱ्या खेपेला कोळंबी निघाली, तर तळ्याच्या कागदावर दादाच्या शेजारी हिचं नाव. नाही निघाली, तर नुसते मासे आणि नुसता दादा. पंपघरामागच्या खोलीत राहा हवं तितकं, पण तळ्याला हात लावायचा नाही.”

नवऱ्याचं घर सोडून मी त्याच खोलीत राहायला आले होते. मी त्याला सोडलं; लोक उलटं सांगतात. तळ्याला हात लावायचा नाही तर त्या खोलीत मी करू काय? भिंतीकडे बघत बसू? आबांची अट मी एका शब्दानं नाकारली नाही. मनात म्हटलं, दाखवतेच.

आणि दाखवत होते! सत्त्याण्णवावा दिवस होता. पीक काढायला तीन आठवडे उरले होते. खाण्याचा नमुना बघायची ताटं पाण्यातून उचलावीत तर त्यात कोळंबी टणाटण उड्या मारायची. हाताला कवच घट्ट लागायचं, पोटातली नळी गच्च भरलेली दिसायची. आईच्या वेळेसारखी कोळंबी होती, मी कशाला खोटं बोलू.

आणि तेव्हाच दादानं माती खाल्ली.

त्याचा एक तळेवाला मित्र आहे, सगळे त्याला गोडबोल्या म्हणतात. ह्या गोडबोल्याचं तळं दुरुस्तीला काढलं होतं, त्यानं तीनशे मासे दादाच्या गळ्यात घातले. फुकट! आणि फुकट ते पौष्टिक. बाहेरून आलेला मासा पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचा, हे आमच्याकडे कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दादानं ते तीनशे त्याच दिवशी कुंपणात सोडले. मला सांगितलंसुद्धा नाही. वहिनीनं सांगितलं, आणि तेही ‘मी सांगितलं असं म्हणू नका’ म्हणून.

बारा दिवसांनी मासे जाळ्याला अंग घासायला लागले. मी एक पकडून उलटा केला. पंखाच्या मुळाशी उवा, नखाएवढ्या चपट्या, खाली कातडी लालभडक. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मासा तसाच हातात घेऊन मी पंपघरात गेले. दादा तिथे पंपाला ग्रीस लावत होता. आबा दारासमोर खुर्चीत.

“हे बघ तुझं फुकटचं!” मी मासा त्याच्या तोंडासमोर धरला.

दादानं बघितलं. चेहरा पडला, पण एकच क्षण. लगेच म्हणाला, “उवा कुठूनही येतात. पक्ष्यांच्या पायांनी येतात.”

“हो का? पक्षी आले, तुझा मित्र गोडबोल्या कसा आहे विचारलं, आणि उवा ठेवून गेले!”

“तोंड सांभाळ. औषध टाकावं लागेल.”

“औषध? डोकं ठिकाणावर आहे का? माझी कोळंबी मरेल!”

“निम्मं टाकू.”

“निम्म्यानंही मरेल. पावानंही मरेल. तुला माहिताय.”

“मग फक्त कुंपणात टाकतो.”

“जाळं माशाला अडवतं रे, पाण्याला अडवतं का?”

त्यानं हात पुसले, खिशातून मोटरसायकलच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली कपाटाची किल्ली शोधली, आपलं कुलूप उघडलं आणि कपाटाच्या कडीत तसंच उघडं लटकवून ठेवलं. म्हणाला, “हे माझं कुलूप उघडं. दोन हजार मासे आहेत. अंग घासून घासून जखमा होतील, जखमा सडतील, आणि मासे मरतील. आता तू आणि तुझी किल्ली. लोकांना सांगेन, बहिणीनं मारले.”

हे त्यानं अगदी हळू, शांतपणे सांगितलं. हीच त्याची रीत. घाव घालायचा आणि आवाज चढवायचा नाही, म्हणजे ओरडणारी ती वाईट.

“दुसराही उपाय आहे,” मी म्हटलं. “तळं खारं आहे. ह्या उवा खाऱ्या पाण्यातल्या. गोड्या पाण्यात बुडवलं की पाच-दहा मिनिटांत गळून पडतात. तिलापियाला गोड्या पाण्याचं काही वाटत नाही. मासे थोडे थोडे काढून टाकीत बुडवायचे.”

“दोन हजार? हातानं? दोन दिवस कंबर मोडून?”

“तू आणलेत ना? मग मोड कंबर!”

“तुझी ती कोळंबी,” दादा म्हणाला, “दोनदा मेली. तिसऱ्यांदाही मरणारच आहे. तुझ्या हाताला यशच नाही. संसारात नाही, तळ्यातही नाही. तिच्यापायी मी माझे मासे का घालवू?”

इथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं, दुर्दैवानं. गळ्यातला दोरा मी हिसडा मारून तोडला. मान कापली, अजून वण आहे. किल्ली त्याच्या अंगावर फेकली. ती त्याला लागली नाही, दारातून बाहेर गेली आणि आबांच्या पायाशी पडली. आणि मी ओरडले, अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“घे! बुडू दे ती कोळंबी! टाक तुझं विष! तळं तुला लखलाभ, मी चालले!”

खोलीत गेले, पिशवी घेतली आणि बांधावरून तरातरा निघाले. मागे दादाची मोटरसायकल सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी वळून बघितलं नाही.

मोठ्या रस्त्याला बसथांबा आहे. तिथे बाकावर बसून मी पुढचा अर्धा तास भांडत होते, एकटीच. पंपघरात नाही सुचलेलं सगळं आता सुचत होतं, एकेक उत्तर असं बिनतोड, की दादा समोर असता तर त्याची वाचा बसली असती. दोन बस गेल्या. मी चढले नाही. जाणार कुठे होते? मला काय माहीत. पिशवी उघडून बघितली तर तीत छत्री, पाकीट आणि कोळंबी मोजायची फूटपट्टी. एवढ्यावर मी घर सोडून निघाले होते!

थांब्यासमोर पाण्याच्या टँकरचं भरणा केंद्र आहे. नळाखाली टँकर उभा होता. गोडं पाणी वरून भळाभळा सांडत होतं आणि चालक मजेत सुपारी चघळत होता. मी बघत राहिले. आणि माझं डोकं हिशेब करायला लागलं, माझी परवानगी न घेता. पंपघराची मोठी टाकी रिकामी आहे. एका वेळी चाळीस मासे. पाच-दहा मिनिटं बुडवायचे. दोन हजारांना पन्नास खेपा. वहिनी जाळं धरेल. दीड दिवस. कंबर मोडेल, पण माझीही मोडेल आणि त्याचीही मोडेल, दोघांची सारखी.

मी उठून चालकाला विचारलं, “तळ्यावर येतोस?”

फोन करून दादाला सांगायचं होतं की. एक फोन! पण नाही. मला त्याचा चेहरा बघायचा होता. मी टँकरमधून उतरणार, तो तोंड वासून बघणार, आणि मी म्हणणार, चल, काढ मासे. त्या चेहऱ्यासाठी मी फोन केला नाही. वहिनीचा मात्र फोन आला. एकदा, मग पुन्हा एकदा. म्हटलं झालं, नवऱ्याची वकिली करायला आली. दोन्ही वेळा कापला.

टँकर बांधावर वळला तेव्हा दुपार झाली होती. आधी मला पक्षी दिसले. काठावर बगळे ओळीनं, आणि वरती घिरट्या घालणारे वेगळे. बगळे एवढे कधी जमतात ते तळेवाल्याला सांगावं लागत नाही. मी चालत्या टँकरमधून उडी मारली. पाणी घुसळणारी चारही चाकं जोरात फिरत होती, आणि काठाच्या उथळ पाण्यात कोळंबी आडवी पडून पाय झाडत होती. काही उलट्या, काही गोल गोल फिरणाऱ्या. ताट उचललं. शंभरावर दिवस जिथे उड्या ऐकल्या तिथे आवाज नाही. एक उचलली, तिनं माझ्या तळव्यावर शेपूट एकदा हलवली, बस्स. आणि कुंपणात दादाचे मासे संथपणे पोहत होते, कोणीही अंग घासत नव्हतं.

त्याच वेळी समोरच्या बांधावरून दादाची मोटरसायकल आली. मी धावत गेले आणि तो गाडीवरून उतरायच्या आत त्याची कॉलर धरली.

“टाकलंस! टाकलंस ना शेवटी! जीव गेला तरी विसरणार नाही दादा मी हे! आईची कोळंबी मारलीस तू!”

“काय टाकलं? अगं सोड! मी आत्ता येतोय. गोडबोल्याकडे गेलो होतो!”

“खोटं बोलू नकोस!”

“त्याला शिव्या घालायला गेलो होतो! त्याच्या टाकीत बघितलं, उवाच उवा. तू बरोबर होतीस. बास? ऐकायचं होतं ना तुला?” मग त्याला पाणी दिसलं. मी कॉलर सोडली नव्हती तरी त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. “कोणी टाकलं हे?” तो म्हणाला. त्यानं बुटांसकट तळ्यात उडी मारली आणि छातीभर पाण्यातून बाहेर पाणी सोडायच्या फळीकडे निघाला.

वहिनी पंपघरापाशी उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

“मी फोन केला होता ताई,” ती म्हणाली. “दोनदा. आबा बादली घेऊन आले, म्हणाले दोघांनी होकार दिलाय. मी पाटीवर लिहिलं, थांबा, विचारते. तुम्ही फोन कापला. ह्यांनी उचलला नाही. गाडीवर होते म्हणे. तोवर आबांनी बादली ओतली.”

पंपघराच्या दारातून मला कपाट दिसलं. सताड उघडं. दोन्ही कुलपं कडीत लटकलेली, एक दादानं शहाणपणा करून उघडं ठेवलेलं, दुसऱ्यात माझी किल्ली, तुटलेल्या दोऱ्यासकट.

पुढचे तीन तास आम्ही जे शक्य होतं ते केलं. फळी उघडून विषाचं पाणी सोडलं, पंप लावून नवीन घेतलं. टँकरचालकानं न सांगता नळी तळ्यात सोडली आणि अर्धा टँकर रिकामा केला. एवढ्या तळ्याला टँकर म्हणजे दर्या में खसखस, पण मी त्याला थांबवलं नाही. दादा आणि मी एकच जाळं दोन टोकांना धरून मेलेली कोळंबी काढत होतो. त्याआधी महिनाभर आम्ही एकत्र काही धरलं नव्हतं. क्रेटवर क्रेट भरले. जिवंत म्हणाल तर ओंजळभर, फळीजवळच्या कोपऱ्यात, आणि त्याही लटपटणाऱ्या.

शेवटच्या क्रेटपाशी दादा थांबला. “तिखट,” तो म्हणाला, “मी बोललो ते... हाताला यश नाही वगैरे. आणि ते कुलूप मी उघडं ठेवायला नको होतं. अट गेली खड्ड्यात. कागदावर तुझं नाव घालू.”

“अट तुझी नाही,” मी म्हटलं. “आबांची आहे. भीक नकोय मला.”

तिथून मी थेट आबांच्या खुर्चीकडे गेले. ते तळ्याकडे तोंड करून बसले होते. बादली शेजारी धुऊन पालथी घातलेली होती, मी संध्याकाळी बसते तीच. हात चोळून चोळून साबणानं धुतले असावेत, बोटं पांढरी पडली होती. माझ्या अंगाला चिखल आणि मेल्या कोळंबीचा वास येत होता. ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर ओरडू नये म्हणतात. मी ओरडले.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला? नियम तुमचा! दोन कुलपं तुमची! कोणी सांगितलं टाकायला?”

“तू,” आबा म्हणाले.

“मी?”

“बुडू दे ती कोळंबी. टाक तुझं विष. तळं तुला लखलाभ, मी चालले.” त्यांनी माझे शब्द एकेक करून, क्रमानं परत केले. “यंत्र न लावता सगळं ऐकू आलं. दादाचं कुलूप उघडं होतं. तुझी किल्ली माझ्या पायाशी टाकलीस. पिशवी घेऊन गेलीस. दोघांचा होकार झाला. मला वाटलं, पोरगी हरली, गेली. कोळंबीला माणूस राहिलं नाही. निदान मासे तरी वाचवू.” त्यांनी पालथ्या बादलीकडे बघितलं. “तुझ्या आईची कोळंबी होती ती. मला काय हौस होती?”

“रागात बोलले हो मी आबा! रागातलं कधी खरं धरतात का?”

“मला रागातलंच ऐकू येतं,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पाण्याचा खारेपणा सांगावा तसं सांगत होते. “रोज संध्याकाळी तू येऊन बसतेस. तोंड हलतं तुझं. मी मान हलवतो, तुला बरं वाटतं म्हणून. दोन वर्षांत त्यातला एक शब्द मला कळलेला नाही. ओरडतेस तेव्हाच कळतं मला, तुझं काय चाललंय ते.”

मी त्या पालथ्या बादलीवर बसले. दोन वर्षं. कोळंबीची कात, पाण्याचा रंग, आईची आठवण. सगळं मी भिंतीला सांगत होते, आणि खुर्चीतल्या माणसापर्यंत पोचलं ते एवढंच: बुडू दे, टाक विष, मी चालले.

दादा आणि वहिनी येऊन मागे उभे राहिले.

“अट आठवते मला,” आबा म्हणाले. “तिसरी खेप निघाली नाही. कागद दादाच्या नावावर.” मग त्यांनी मान वळवून बांधाकडे बघितलं. टँकर तिथेच उभा होता, नळीतून गोडं पाणी अजून ठिबकत होतं. “तो कशाला आणलायस?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. हळू सांगायची गोष्ट होती ती. पण ओरडावं लागलं, आणि ओरडताना रडायला येत होतं, त्याचीही मला चीड आली.

“दादाचे मासे धुवायला! गोडं पाणी! मी गेले नव्हते आबा! दादाचे मासे आणि माझी कोळंबी, दोन्ही वाचवणार होते मी! मी परत येणार होते!”

आबांना सगळं ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं, आणि मग कधी नव्हे ते स्वतःच माझ्यावर ओरडले.

“मग जाताना ते का नाही ओरडलीस?”